नकाशावरची हिरवी सपाटी

"इंग्लिश झकास आहे हो तिचं. वाटत नाही."

सर हे पाहुण्यांना सांगत होते. मी त्यांच्या पायाशी, टेबलाखाली वाकून प्रोजेक्टरची वायर लावत होते. पाहुणे पुण्याहून आलेले प्राध्यापक. ते हसले. म्हणाले, "शाळा बरी मिळाली असणार."

काय वाटत नाही, ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही. गरज नव्हती. माझं आडनाव दोघांना माहीत होतं.

वायर लावली. उठले. ओढणीवरची धूळ झटकली.

मी कमी बोलते. शाळेत मराठी बोललं की बाई बाकावर उभं करायच्या, आणि घरी इंग्रजी बोललं की कसबा बावड्यातली आमची अख्खी गल्ली हसायची. मग दोन्हीकडं गप्प राहायची सवय लागली. सर याला साधेपणा म्हणतात. "आमची पोरगी फार साधी हो," असं येईल त्याला सांगतात. मी साधी नाही. मी बघत असते.

सरांना मी पुष्कळ बघितलंय. पीएचडीनंतरचं माझं संशोधन त्यांच्या हाताखाली चालतं. डोंगर कसे झिजतात, पावसात कुठला उतार सुटेल, याचं संगणकावरचं गणित मी मांडते. सर त्याला 'माझं मॉडेल' म्हणतात. पाहणीला जातो तेव्हा सर गाडीतून उतरत नाहीत. घाटात गाडी थांबते, काच खाली होते, सर बोट दाखवतात, कोणीतरी फोटो काढतो. झाली पाहणी. मग डबे.

पहिल्या पाहणीला सगळ्यांचे डबे एका पेपरवर उघडले होते. मी माझा पुढं केला. सर म्हणाले, "नको गं, मी शाकाहारी."

"सर, मेथी आहे."

"असू दे, असू दे."

मेथी तशीच घरी आली. त्याच संध्याकाळी परतताना कळंब्याच्या अलीकडं एका धाब्यावर सरांनी मटणाचं ताट घेतलं आणि तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला. घाम पुसत पुसत ओरपला. मी समोर बसून बघत होते. त्या दिवसानंतर मला त्या माणसाची भीती वाटली नाही. किळस वाटली. पण किळस आली म्हणून तोंड उघडतंच असं नाही.

सरांच्या मॉडेलला, म्हणजे माझ्या मॉडेलला, आम्ही जुन्या दरडी शिकवल्या होत्या. त्या सगळ्या घाटरस्त्यावरच्या. रस्ता बंद पडला की दरडीची नोंद होते. जिथं रस्ताच नाही तिथं डोंगर खाली आला तरी कोण नोंदवणार? मॉडेलच्या लेखी तिथं काही घडलेलंच नसतं. त्या डोंगरात वर एक वाडी आहे, तिला दरडीचा धोका आहे म्हणून ती खालच्या सपाटीवर हलवायची सरकारची तयारी होती. नकाशावर ती सपाटी हिरवीगार आली. उतार नाही, दरडीची नोंद नाही. सुरक्षित.

मला ती सपाटी खटकली. एवढ्या उभ्या डोंगरात मधेच एवढी सपाट जागा कशी? एका रविवारी एसटीनं गेले आणि चालत वर चढले. सपाटीवरची झाडं सगळी एका बाजूला कलंडलेली. जमिनीत आडवी भेग, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. तिच्या कडा कोवळ्या होत्या, ताज्या. ती सपाटी म्हणजे कधीतरी वरून सुटून तिथं येऊन बसलेला डोंगरच होता. आणि तो पुन्हा सरकायला लागला होता.

पुढं वाडीपर्यंत गेले. एका म्हातारीनं पाणी दिलं. मी तांब्या तोंडाला लावला तरी तिनं आडनाव विचारलं नाही.

"कुणाची गं तू पोरी? चालत आलीस व्हय? सायबं तर गाडीतनंच बघून जात्यात." मग म्हणाली, "आमास्नी त्या सपाटीवर न्हेणार हाईत म्हनं. जावं का न्हाय? तूच सांग की."

"बघून सांगते, आजी," म्हटलं.

सोमवारी सरांना सांगितलं. भेगेचे फोटो दाखवले. त्यांनी ते धड बघितलेही नाहीत.

"एकटी वर कशाला गेलीस? जिथं नोंद नाही तिथं दरड नाही. शास्त्र असंच चालतं, बाळ. तुमच्याकडं भावनेवर चालत असेल."

तुमच्याकडं म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही.

आणि आज हा हॉल. पुढच्या रांगेत जिल्ह्याचे अधिकारी. सर बोलत होते, मी लॅपटॉपवर स्लाइड पुढं सरकवत होते. मी कशाला आहे, तर बटण दाबायला. हिरवा नकाशा पडद्यावर आला. एक अधिकारी पुढं झुकले.

"म्हणजे सर, वाडी इथं हलवली तर चालतंय की?"

"बिनधास्त. मॉडेलच सांगतंय." सरांनी पाहुण्यांकडं बघितलं. "आणि त्या लोकांना काय हो, फुकटात सपाट जागा मिळतेय. आणखी काय पाहिजे?"

हॉल हसला. पाहुणेही हसले, मघाशी हसले होते तसंच.

तेच हसू. मघाशी माझ्यावर, आता वाडीवर. मला ते हसू शाळेपासून ओळखीचं आहे. पण मी गप्प राहिले तर आजवर फक्त माझा डबा परत यायचा. आज गप्प राहिले असते तर ती म्हातारी त्या भेगेवर राहायला गेली असती.

"बाळ, पुढची स्लाइड," सर म्हणाले.

मी लॅपटॉपवरचा हात काढला. उभी राहिले.

"साहेब, हे मॉडेल मी केलंय आणि हा नकाशा चुकलाय. ही सपाटी म्हणजे जुनी दरड आहे. ती पुन्हा सरकतेय. नकाशावर ती हिरवी आहे कारण आमच्यातलं कोणी गाडीतून खाली उतरलं नाही. मी चढून गेले होते. भेगेचे फोटो माझ्याकडं आहेत, सरांनाही दाखवलेत. तिथं एकही घर बांधू नका. आणि सर, पुढची स्लाइड तुम्हीच घ्या."