इंग्रजीत कण्हणारा पेशंट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, स्पिरिटचा वास आला की मला आजही घाम फुटतो. कर्जतच्या एका नर्सिंग कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो, तेव्हा मुलींना आणि मास्तरांना इंग्रजीच्या तासाला नक्की काय हवंय ते विचारायला मुंबईहून एक मॅडम आल्या. वाडीवरची एक मुलगी पुन्हा नापास झाली तर घरी बसणार होती. ती म्हणाली, "पेशंट मराठीत कण्हला तर मला कळतंय. पेपरात तो इंग्रजीत कण्हतो. आन् सर शिकवतात सहलीचा निबंध." मॅडम माझ्याकडे वळल्या, "सर, तुमची गरज?" "हिचं शरीरशास्त्राचं इंग्रजी पुस्तक आधी मलाच कुणीतरी शिकवा," मी म्हणालो. आज हे हातवारे करून सांगतो, तेव्हा मात्र मी टेबलामागे सरकलो. कारण ती मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मग सर, मी पास व्हायचं कुनाच्या जीवावर?"