बदकाचा पहारेकरी

कामाला बसण्यापूर्वी ते डोक्यावर नसलेली टोपी दोन बोटांनी सरळ करीत आणि संगणकाला विचारीत, "थांब. कोण जातंय?"

तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ देवळाली कॅम्पहून रोज बसने द्वारका चौकातल्या आमच्या कचेरीत येत. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, वयाने सर्वांत मोठा आणि कामात सर्वांत नवा. दोन हजारनंतरची ती वर्षे. गावोगावच्या व्यापाऱ्यांना आपली वेबसाइट असावी असे वाटू लागले होते. मी मराठी मजकूर लिही, ते कोड लिहीत. खालून ट्रकांच्या डिझेलचा वास येई, समोरून तापलेल्या मॉनिटरचा, आणि या दोहोंच्या मधून त्यांच्या खोबरेल तेलाची शांत रेघ जाई.

वेबसाइटचा तयार साचा उघडून त्यात खाडाखोड करणे त्यांना मंजूर नव्हते. साच्यात जागोजागी हुक ठेवलेले असत. पडद्याकडे निघालेला लोगो तिथे क्षणभर थांबे, आणि हुकाला अडकवलेल्या आपल्या चार ओळी त्याला बदलून पुढे सोडत.

"मॅडम, हा गेटवरचा पहारेकरी," ते समजावीत. "येईल त्याला थांबवायचं, टोपी सरळ करायची, सोडायचं. आतल्या साहेबाला उठवायचं नाय."

एकदा नामपूरचे दोन कांदाव्यापारी भाऊ आले. थोरल्याला लोगोत बैल हवा होता, धाकट्याला विमान.

"बैल लावला तर मी पेढी वेगळी करतो," धाकटा म्हणाला.

"विमान लावलं तर मी करतो," थोरला म्हणाला. दोघांचा आवाज एकाच घडणीचा होता. ते आले दोन जीपमधून आणि गेलेही दोन जीपमधून.

फोटो काढायला नामपूरला गेलेले हवालदार बारदानाचा एक तुकडा घेऊन परतले. त्याला उन्हाचा आणि कांद्याच्या कोरड्या सालीचा वास होता. त्यावर काळ्या शाईत एक बदक छापलेले होते. भावांच्या दिवंगत वडिलांना पत्र्याचा तो छाप भंगारात सापडला होता, एवढाच बदकाचा कांद्याशी संबंध.

"अख्खा बाजार यांना बदकवाले म्हणतो," हवालदार म्हणाले. "पोरांना लाज वाटते."

आठवड्याने थोरल्याने आपल्या नावाने लॉगिन केले आणि बैल पाहून तो तृप्त झाला. धाकट्याने आपल्या नावाने केले, त्याला विमान दिसले. आपण जिंकलो असे दोघांनाही वाटले. चार महिने शांततेत गेले.

मग मामांना वेबसाइट दाखवायला दोघे सटाण्याच्या सायबर कॅफेत गेले. मामांच्या घाईत लॉगिन करायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे.

"हाई बदक कोनी लावं?" थोरल्याने रागात थेट घरच्या बोलीत विचारले.

"मी. तुम्ही आलात की बैल, धाकटे आले की विमान. अनोळखी आला की बदक."

"म्हणजे चार महिना सारा जगले बदकच दिखनं?" धाकटा खुर्चीत बसला.

अर्धा तास दोघांनी हवालदारांना फैलावर घेतले. एकाचे वाक्य दुसरा पुरे करी. थोरल्याला ठसका लागला तेव्हा धाकट्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि त्यालाच दरडावले, "दादा, हळू बोल ना."

हवालदार खिडकीतून खाली पाहत होते. "आज एकच जीप दिसते," ते म्हणाले.

निघताना थोरला उंबऱ्याशी अडखळला. "आमना बा ना बदकनी मान वर व्हती," तो म्हणाला. "तेवढी नीट करा."

ते गेल्यावर मी विचारले, "तुमच्या नावाने आत गेलं की काय दिसतं हो?"

"पहारेकऱ्याची पाठ घराकडे असते, मॅडम," ते म्हणाले आणि बदकाची मान उचलू लागले.

एका थंडीत ते गेले. पुढे नव्या मंडळींनी साचा दोनदा बदलला. त्या चार ओळींना कोणाचा हात लागला नाही. पेढी अजून एकच आहे, आणि बदक ताठ मानेने जगाकडे पाहत असते.

परवा मी त्यांच्या नावाने आत गेले. माझा मजकूर होता, खाली दोघा भावांची नावे होती. वर, लोगोच्या जागी, नुसता पांढरा कोरेपणा. कोणीतरी "कोण जातंय?" असे विचारील म्हणून मी जराशी थांबले.