फिकट पिवळ्याचं टेंडर

जनावरांच्या कानांत ठोकायचे ओळखीचे बिल्ले कसे असावेत, हे सरकारसाठी ठरवणारा माणूस जनावरांपासून चार हात लांबच राहत असे. पदवीने तो गुरांचा डॉक्टर; पण खरेदी विभागात आल्यापासून त्याने गाय पाहिली ती फक्त कॅलेंडरवर. ऑफिसात त्याला शिंपी म्हणत. टेंडरच्या अटी तो अशा बेतायचा की त्या ठरलेल्या गिऱ्हाइकाच्याच अंगाला बसाव्यात आणि बाकीच्यांचे हात बाहीतच अडकावेत. या कसबाचा त्याला अभिमान होता. लाज नावाची वस्तू त्याने बहुधा नोकरीला लागतानाच कपाटात जमा केली असावी.

यंदाचं गिऱ्हाईक होता बिल्ल्यांचा एक कारखानदार. कंत्राट मिळालं की शिंप्याच्या जावयाला कारखान्यात चिकटवायचं, असं ठरलं होतं. जावई सध्या सासऱ्याच्या सोफ्यावर लोळत होता.

"तुमच्या कात्रीनं गावाची सोय झाली," बायको म्हणायची, "घरातलं हे ठिगळ कधी निघायचं?"

शिंप्याने ऑफिसच्या खिडकीत पडून असलेला कारखानदाराच्या बिल्ल्याचा नमुना उचलला, पट्टी लावली आणि मापं जशीच्या तशी उतरवली. पुढे लिहिलं : रंग फिकट पिवळा, पांढुरकी झाक असलेला, दुसरी छटा चालणार नाही. नमुना दोन उन्हाळे त्या खिडकीत तापून विटला होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

टेंडर उघडलं. कारखानदाराचे बिल्ले निघाले झळझळीत पिवळे. समितीच्या अध्यक्षबाई नियमावर बोट ठेवून चालणाऱ्या.

"हा रंग अटीत बसत नाही."

"बाई, रंगाचं काय एवढं? गाईला कुठं कळतंय?"

"अट गाईनं लिहिलेली नाही, तुम्ही लिहिलीत. करा सही."

आपल्याच गिऱ्हाइकाला त्याने आपल्याच सहीने बाद केलं. अटीत बसला एकच जण : बंद कारखान्यांच्या आवारात पडलेला माल कवडीमोलाने उचलणारा एक व्यापारी. त्याचे बिल्ले हवे तेवढे फिकट होते. वाकवले की त्यांचा तुकडा पडायचा. पण वाकवून पाहायची अट शिंप्याने घातलीच नव्हती, कारण त्या परीक्षेत कारखानदारही नापास झाला असता.

कारखानदाराने फोन उचलणं बंद केलं. जावयाने सोफ्यावर कूस बदलली.

मग एके दुपारी व्यापारी हात जोडून टेबलासमोर उभा राहिला. "साहेब, ओळख ना पाळख, आणि नेमकी माझ्या मालाच्या रंगाची अट घातलीत. उपकार कसे फेडू?"

शिंप्याने चष्मा पुसला. चेहऱ्यावर आश्चर्य उमटू न देणं, एवढा एकच व्यायाम तो आयुष्यभर नेमाने करत आला होता.

"धडपड्या माणसाला कुणीतरी पुढे आणायलाच हवं," तो म्हणाला. "बसा. गोदामावर विश्वासाचं कुणी आहे का?"

"नाही हो साहेब."

"मग झालं तर."

पुढे गुरांच्या कानांतून बिल्ले गळू लागले, तेव्हा बदली बिल्ल्यांचं टेंडर निघालं आणि अटी बेतायला अर्थातच शिंपी बसला. त्या गोदामातला नमुना घेऊन जावई स्वतः ऑफिसात आला. नोकरीत त्याने केलेलं ते पहिलंच काम.