येर्नेयच्या मधघरात झोपायला कोण येणार?

आमच्या दरीत त्या वसंतात सगळ्यांत जास्त राबला कोण, असं कुणी विचारलं असतं तर बेकरीपासून चर्चपर्यंत सगळ्यांनी येर्नेयकडे बोट दाखवलं असतं. आणि त्या राबण्यातून निघालं काय, असं विचारलं असतं तर तीच बोटं गुपचूप खिशात गेली असती.

हिवाळ्यात लाकडाची गिरणी बंद पडली आणि येर्नेय घरी बसला. घरी म्हणजे खरं तर परसातल्या मधघरात. आजोबांनी बांधलेली ती लाकडी खोली. तिची उन्हाकडची भिंत म्हणजे नुसत्या मधमाश्यांच्या पेट्या, कपाटाच्या खणांसारख्या एकावर एक रचलेल्या. प्रत्येक पेटीच्या दाराशी एक रंगवलेली फळी. एकीवर रानातली जनावरं मेलेल्या शिकाऱ्याला खांद्यावरून नेताहेत आणि ससा पुढे मशाल धरून चाललाय. दुसरीवर सैतान धार लावायच्या दगडावर एका बाईची जीभ घासतोय. ती बाई आमच्या गल्लीतली नेमकी कोण, यावर पिढ्यानपिढ्या मतभेद आहेत. जी ते नाकारते तिच्यावर जास्त संशय घेतला जातो.

एका दुपारी येर्नेय पेट्यांच्या वरच्या फळ्यांवर सहज आडवा झाला. खालून मंद ऊब येत होती. मेणाचा, मधाचा, जुन्या लाकडाचा वास. आणि ती गुणगुण. ती कानांना नाही, बरगड्यांना ऐकू येत होती. तो कुठेतरी तरंगत गेला, गवताच्या उतारावरून, कुणाच्या तरी हळू बोलण्याच्या आवाजातून, आणि जागा झाला तेव्हा आपण कोण आणि कितव्या वर्षात आहोत हे त्याला क्षणभर आठवेना. इतकं बरं त्याला लहानपणानंतर वाटलं नव्हतं.

जेवताना त्याने बायकोला सांगितलं, "स्लाव्का, लोकांना तिथे झोपू द्यायचं. तासभर. पैसे घेऊन."

स्लाव्का शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. पोरांच्या थापा ऐकून ऐकून तिचे कान पक्के तयार झालेत. तिने सूपचा चमचा खाली ठेवला. "कल्पना वाईट नाही. तुझ्या मानाने तर फारच बरी. पण अंगणातल्या लिंडनच्या झाडाचा बहर संपेपर्यंतच हं. तोवर माणसं झोपायला यायला लागली तर ठीक. नाहीतर सोमवारी पहाटे ऑस्ट्रियाला जाणारी गाडी असतेच."

ती गाडी म्हणजे सीमेपलीकडच्या कारखान्यात पत्रे ठोकायला जाणाऱ्यांची. जाणारे सोमवारी जातात, शनिवारी परत येतात, आणि घरी येऊनही बायकोशी यंत्रापलीकडून बोलावं तसं ओरडून बोलतात.

"मग मधमाश्या कोण बघणार?" येर्नेयने विचारलं.

स्लाव्काचा भाऊ फ्लोर्यान समोरच बसला होता, जेवणाच्या वेळेला तो बहुधा असतोच. "दाजी, त्यांची काळजी तुम्ही करूच नका," तो म्हणाला. "माझ्या गाडीत सगळ्या पेट्या मावतात. मी मोजून बघितलंय."

दुसऱ्या दिवसापासून येर्नेय कामाला लागला.

आधी नाव हवं. नाव ठरवण्यात बर्फ वितळला. मग नावाची पाटी हवी. अक्रोडाच्या लाकडावर त्याने ती कोरली, कडेने पानं, पानांवर माश्या, माश्यांच्या पंखांत शिरा. मग कुट्टूच्या दाण्यांची टरफलं भरलेली उशी. मग पाहुण्यांसाठी लोकरीच्या सपाता, सगळ्या मापांच्या, कारण कोण येईल सांगता येत नाही. वाटेवर नदीतले पांढरे गोटे आणून मांडले, मग त्यांतले पुरेसे पांढरे नसलेले उचलून परत नदीत टाकले. संध्याकाळी कंबर मोडून तो घरी येई तेव्हा चेहरा असा, की जणू दिवसभर पाहुण्यांची रीघ लागली होती.

"आज कोणाला सांगितलंस?" स्लाव्का विचारायची.

"अगं, आधी सगळं नीट तर होऊ दे. अर्धवट घरात माणसं बोलवायची का?"

"आपल्या लग्नात घराला छप्पर नव्हतं. तरी आख्खं गाव जेवून गेलं."

यावर तो म्हणायचा, पडदे राहिलेत.

आता खरं सांगायचं तर येर्नेयला तयारी आवडत होती आणि माणसांना विचारायची भीती वाटत होती. आमच्याकडे मधवाला आपला माल घेऊन कुणाच्या दारात जात नाही. बरण्या खिडकीत ठेवतो आणि पडद्याआडून बघत बसतो. 'ये, माझ्याकडे झोप' असं चारचौघांत कसं म्हणायचं? लोक हसले तर? 'नको' म्हणाले तर? सपाता शिवताना कुणी 'नको' म्हणत नाही. दिवसभर टाके घालता घालता तो त्या सपातांतून येणारे पाय बघायचा, थकलेले, सुजलेले, कृतज्ञ पाय. त्या स्वप्नात त्याला कुणालाच काही विचारावं लागत नव्हतं.

लिंडनला कळ्या धरल्या. आणि येर्नेयच्या मनात आलं, की पाटी नवी, वाट नवी, मग या पेट्यांवरच्या फळ्याच कशा जुनाट?

पावसाळी, गार हवा पडली होती, मधमाश्या घरातच होत्या. त्याने आजोबांच्या फळ्या काढून सरपणाच्या खोलीत ठेवल्या आणि नव्या लावल्या. सगळ्या एकसारख्या आकाशी, वर सोनेरी अक्षरांत मधघराचं नाव. दुरून बघितलं तर आभाळाचाच एक तुकडा भिंतीला टेकवून ठेवलाय असं वाटे. तो भान हरपून बघत राहिला.

मग ऊन पडलं, लिंडन फुलला आणि माश्या बाहेर पडल्या.

सकाळभर सगळं ठीक होतं. त्या परतायला लागल्या तेव्हा मधघरासमोर एक ढग जमला. रस गोळा करून जड झालेल्या माश्या भिंतीसमोर घिरट्या घालत होत्या, एका दाराशी जात होत्या, मागे फिरत होत्या. प्रत्येक दार सारखं. शिकारी नाही, ससा नाही, सैतान नाही. ज्या चुकीच्या पेटीत शिरल्या त्यांना त्या पेटीच्या पहारेकरी माश्या ओढून बाहेर काढू लागल्या. फळीखालच्या गवतात माश्या गुंतून पडल्या. गुणगुणीचा सूर चढत चढत करवतीसारखा झाला.

त्या फळ्या शोभेच्या नाहीत, माश्यांना आपलं घर कळावं म्हणून आहेत, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. येर्नेयला तर होतंच. इतके दिवस तो माश्यांकडे सोडून सगळीकडे बघत होता.

स्लाव्का डोक्याला रुमाल गुंडाळून अंगणात आली. ढगाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "बाहेरच्या पाहुण्यांचं राहू दे," ती म्हणाली. "घरच्यांनाही तुझं घर सापडेना."

तो सरपणाच्या खोलीकडे पळाला. पण माश्यांच्या त्या ढगात एकट्याने फळ्या काढणं आणि लावणं जमेना. तेवढ्यात बेकरीवाला लुकेश सायकल ढकलत घरी निघालेला दिसला, पाठीवर पीठ, डोळ्यांखाली काळं.

"जरा धर रे," येर्नेयने हाक मारली.

लुकेशने सायकल कुंपणाला टेकवली आणि फळ्या धरल्या. येर्नेय एकेक जागेवर बसवत गेला. ससा आपल्या दाराशी, सैतान आपल्या. ढग हळूहळू विरळ झाला, दोरे सुटावेत तसा दारादारांत ओढला गेला.

"तुझ्या माश्यांचं बरं आहे बाबा," लुकेश जांभई देत म्हणाला. "घर सापडलं की झोपल्या. मी रात्रभर भट्टीपुढे, आणि दिवसा शेजारी त्याचं छप्पर ठोकत बसतो. उशीत डोकं खुपसून बघितलं, तळघरात पडून बघितलं. डोळाच लागत नाही."

स्लाव्काने येर्नेयकडे पाहिलं. येर्नेयने तोंड उघडलं.

"पाटी कशी वाटली?" त्याने विचारलं.

"छान आहे," लुकेश म्हणाला. "माश्यांना पंखसुद्धा आहेत." आणि सायकलकडे वळला.

स्लाव्काने त्या सायकलच्या हँडलवर हात ठेवला. येर्नेयचे कान लाल झाले.

"लुकेश," तो म्हणाला, "आत येऊन पड."

"कधी?"

"आत्ता."

लुकेश पिठाचे बूट घालूनच आत गेला. उशी त्याने बाजूला सारली, जाकीट गुंडाळून डोक्याखाली घेतलं. सपाता त्याला दिसल्याही नाहीत. येर्नेय बाहेर पायरीवर बसला. लिंडनचा वास इतका दाट होता की हाताने बाजूला करावा लागला असता. माश्या येत होत्या, जात होत्या. आतून आधी कुरकुर आली, मग उसासा, मग लांब, सावकाश घोरणं, आणि थोड्या वेळाने घोरणं कुठलं आणि गुणगुण कुठली हे सांगता येईना. येर्नेयलाही पेंग आली. पेंगेत त्याला आजोबा दिसले. ते नुसते शेजारी येऊन बसले.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली तेव्हा लुकेश बाहेर आला. गालावर फळीच्या रेघा. तो बराच वेळ डोंगराकडे बघत राहिला.

"उद्या येऊ का?" त्याने विचारलं. "आणि किती द्यायचे ते सांग, फुकट असलं की मला झोप लागत नाही."

रात्री येर्नेय शीळ घालत पडदे घेऊन बसला. स्लाव्काने त्याच्या हातातली सुई काढून घेतली.

"एक आला," ती म्हणाली. "माणसं यायला लागली असं याला म्हणत नाहीत. लिंडनचा बहर काही फार दिवस टिकत नाही. उद्या कोणाला विचारणार?"

त्याला त्या रात्री झोप आली नाही, मधमाश्यांवर झोपूनही. दरीतल्या सगळ्या माणसांची तोंडं तो एकेक करून डोळ्यांसमोर आणत होता. सपातांचा किंवा पडद्यांचा नाही, नुसत्या माणसांचाच त्याने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा विचार केला. झोप कोणाला लागत नाही? कोणाचे कान शांततेसाठी आसुसलेत?

सोमवारी पहाटे तो थांब्यावर उभा राहिला. ऑस्ट्रियाची गाडी आली, दार उघडलं. फ्लोर्यानचा मित्र चालवत होता. स्लाव्काच्या अटीची बातमी त्याला आधीच पोचली होती.

"या येर्नेयबुवा, चढा," तो म्हणाला. "बॅग कुठे?"

"चढत नाही," येर्नेय म्हणाला. त्याने दाराची दांडी धरली आणि आत डोकं घातलं. आतली माणसं डोकी काचेला टेकून बसली होती, अर्धी झोपेत, अर्धी आधीच त्या ठोकाठोकीत.

"शनिवारी परत आलात की माझ्याकडे झोपायला कोण येतंय?" त्याने विचारलं. आवाज चिरका निघाला. "तासभर. मधमाश्यांच्या वर. आवाज फक्त त्यांचा."

कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याने विचारलं, डसतात का. तिसरा म्हणाला, येर्नेयपेक्षा कमी. ड्रायव्हरने घड्याळाकडे बघितलं. येर्नेयने दांडी सोडली नाही.

मग सगळ्यात मागच्या बाकावरून, डोळे न उघडताच, एक हात वर झाला. त्याच्या पुढच्या बाकावर आणखी एक. "मोठ्याने सांग," त्या दुसऱ्या हाताचा मालक ओरडला, "मला नीट ऐकू येत नाही. शनिवारी किती वाजता?"