तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान

भिगवण जवळ आलं तसे सिद्राम जागेवरून उठले, डब्याच्या दाराशी गेले आणि दांडीला धरून उभे राहिले. रुळाच्या एका अंगाला उजनीचं पाणी पसरलं होतं. काठाकाठानं केळीच्या बागा, पाण्यात सोडलेले पंपांचे पाइप, लांब एक होडी. गाडी पुढं निघून गेली तरी ते थोडा वेळ मागंच बघत राहिले.

परत येऊन लेकीशेजारी बसले आणि म्हणाले, "आपलं पानी हाय ते. हितनं निघताना समिंदर असतंय बघ. आपल्या गल्लीत येस्तवर करंगळीएवढं."

चैताली हसली. बाबा मोकळेपणी बोलले, याचंच तिला बरं वाटलं. तिचा भाऊ सुमित गेल्यापासून घरात माणसं कामापुरतं बोलत होती.

सिद्राम सोलापुरात पाण्याच्या खात्यात चावीवाले होते. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, खड्ड्यातल्या व्हॉल्व्हला चावी लावून फिरवायची. या वस्तीचं पाणी सोडायचं, त्या वस्तीचं बंद करायचं. एकेका गल्लीची पाळी चार-पाच दिवसांनी यायची. त्यामुळं चावीवाल्याला ज्या दारातून शिव्या मिळायच्या, त्याच दारातून चहाचं बोलावणंही यायचं. सिद्राम शिव्या ऐकून घ्यायचे, चहा मात्र कधी घेतला नाही. चहा पिला की त्या गल्लीची मिनिटं वाढतात, असं ते म्हणायचे. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी हारबीर घातले आणि मागं म्हणाले, माणूस सरळ होता, पण दगड होता.

या दगडावरच त्यांच्या दोन्ही पोरांनी कॉमिक काढलं. सुमित शाळेत मराठी शिकवायचा, तो लिहायचा. चैताली फ्लेक्सच्या दुकानात बसते, दिवसभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर करते, ती चित्रं काढायची. कॉमिकचं नाव 'चावीवाला'. दुकानाच्या मालकानं उरलेल्या कागदावर छापायची परवानगी दिली, पिना घरी आईनं, मीनाबाईंनी, मारल्या. पहिला अंक निघाला, दुसरा निघाला. पोस्टानं कुठल्या कुठल्या गावाला गेले. बाबांनी त्यावर बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. पोरं म्हणायची, बाबा वाचतच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात तिसरा अंक छापून आला. पंधरवडा झाला नसेल, सुमितला ताप आला. डेंग्यूचा आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता.

पुण्याच्या त्या मोठ्या कॉमिक मेळाव्यात टेबल मिळावं म्हणून त्यानंच अर्ज केला होता. मंजुरी आली ती तो गेल्यावर. चैताली जाणारच नव्हती. मग तिनं ठरवलं, जायचं, राहिलेले अंक लोकांच्या हातात द्यायचे आणि 'चावीवाला' तिथंच थांबवायचा. लिहिणारा गेला, आता कशाचा चौथा अंक? मीनाबाई म्हणाल्या, एकटी जाऊ नको, यांना घेऊन जा, घरात बसून भिंतीकडं बघत असतात.

असे ते दोघं आले. हॉल एवढा मोठा, की शिरताना सिद्रामांनी चपला काढाव्यात का असं विचारलं. आत पोरांचा समुद्र. कुणी पुठ्ठ्याची तलवार घेतलेली, कुणी अंगाला हिरवा रंग फासलेला. पंख लावलेली एक मुलगी दारातून तिरकी होऊन आत आली. सिद्रामांनी सगळं निमूटपणे बघितलं आणि चैतालीच्या कानाशी येऊन म्हणाले, "आपल्या आंबेडकर जयंतीच्या देखाव्याला ह्यातली चार पोरं न्यायला पाहिजेत. दमत न्हाईत."

स्वतःचे अंक स्वतःच छापणाऱ्यांची ओळ हॉलच्या मागच्या भिंतीला होती. चैतालीनं टेबलावर घरची चादर अंथरली, पहिला आणि दुसरा अंक मांडला. बाबांना म्हणाली, खोक्यातला तिसरा काढा. ते हो म्हणाले.

दुपारपर्यंत गर्दी या टेबलाकडं वळली नाही. शेजारचा बंगळूरचा मुलगा मांजरांचे स्टिकर विकत होता, त्याच्यापुढं रांग होती. चैतालीच्या टेबलाशी लोक थांबत, चाळत, इंग्रजीत आहे का विचारत आणि पुढं जात. काही मात्र रेंगाळत. एक गृहस्थ पान उलटता उलटता मान वर करून सिद्रामांकडं बघायला लागले. चित्रातला चावीवाला आणि खुर्चीतला माणूस, दोघांचे कान सारखेच मोठे. त्यांनी फोटो काढू का विचारलं. सिद्राम म्हणाले, काढा की, पण चावी जमा केलीय हापिसात.

मध्येच ते उठून गेले. चैतालीला वाटलं, कंटाळले. बघते तर कोपऱ्यातल्या पाण्याच्या जारचा नळ ठिबकत होता, तो घट्ट करून परत येत होते.

मग पायल आली. बार्शीची, पुण्यात शिकणारी, पाठीवर सॅक. तिनं पहिले दोन अंक पोस्टानं मागवले होते आणि सुमितला मोठंच्या मोठं पत्र लिहिलं होतं. सुमितचं तिला माहीत नव्हतं. चैतालीनं सांगितलं. मुलीनं पाठीवरची सॅक खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "तिसरा आहे ना?"

"संपला," सिद्राम म्हणाले.

चैतालीनं वळून बघितलं. खोकं टेबलाखाली होतं, बाबांच्या दोन्ही पायांच्या मध्ये. त्यावर त्यांनी स्वतःचा मफलर टाकून ठेवला होता. सकाळपासून तिसऱ्या अंकाची एक प्रतसुद्धा टेबलावर आली नव्हती, आणि हे तिला आत्ता दिसत होतं. मग आणखी एक आठवलं. सुमित गेल्यावर घरी केलेल्या पुण्यानुमोदनाला बाबांनी आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याचे अंक दिले होते, पहिला आणि दुसरा. तिसरा तेव्हाही कुणाला मिळाला नव्हता. गडबडीत राहिला असेल असं तिला वाटलं होतं.

पायलला थोडं थांब म्हणून ती खाली वाकली. "बाबा, खोकं सरकवा."

"न्हाय."

"सुमितचं शेवटचं काम आहे ते."

"म्हाईत हाय मला. वाचलंय मी."

"तुम्ही वाचता?"

"मंग? माझ्यावरच काढलंय न्हवं?" ते टेबलाकडं बघत बोलत होते. "तिन्ही वाचलेत. तिसरा वाचला आन मिटून ठेवला. त्यो लोकांत न्यायचा न्हाय."

तिसऱ्या अंकात काय होतं, हे घरातल्या सगळ्यांना अंक निघायच्या आधीपासून ठाऊक होतं. मोठी पाइपलाइन फुटली होती, शहरात किती तरी दिवस पाणी नव्हतं. पहिलं पाणी आलं त्या पहाटे चावीवाल्याची आई वारली. पाळी खालच्या वस्तीची होती, स्वतःच्या गल्लीची दुसऱ्या दिवशी. घरात आईला आंघोळ घालायला पाण्याचा थेंब नाही. चावीवाला चावी घेऊन निघतो आणि आपल्याच गल्लीच्या व्हॉल्व्हपाशी थांबतो. शेवटच्या पानावर तीन चौकटी. रस्त्यातलं झाकण. चावीवरचा हात. आणि चटईवर आजी, उशाशी पालथी घागर. अंक तिथं संपत होता.

खरं काय झालं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. सिद्राम थांबले नव्हते. खालच्या वस्तीचं पाणी सोडून, पाळी पुरी करून मगच घरी आले होते.

चैतालीनं समजावून बघितलं. कुणी तुम्हाला वाईट म्हणत नाही. सुमितनं तुम्हाला मोठंच केलंय. शेवट मुद्दाम मोकळा ठेवलाय, वाचणाऱ्यानं ठरवायचा असतो.

सिद्रामांनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "माझं काय बी म्हणू देत. मला लोकांनी दगड म्हणलंय, त्याचं न्हाय काय. पर आय तशीच पडलीय की गं."

चैतालीला कळलं नाही.

"पावसाळ्यापासनं पडलीय. पान उलटलं की पुढं कोरा पुठ्ठा. माझी आय हाय ती. तिला आंघोळ न घालता तुमी चार लोकांत मांडून ठिवताय. आदी तिला न्हाऊ घाला, मग कुटं न्यायचं तितं न्या."

शेजारी स्टिकरवाल्याकडं कुणीतरी मोठ्यानं हसलं. चैताली खाली जमिनीवरच बसली. गोष्ट अर्ध्यावर आहे, हे तिला किती महिने दिसलंच नव्हतं. तिला वाटत होतं, सुमितबरोबर गोष्ट संपली. आणि बाबा तेवढे महिने एका मयतापाशी बसून होते.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "घातली कशी मग? पाणी कुठून आलं?"

"मला काय ठावं? मी आलो तवा न्हाऊन झालं हुतं. धुतलेलं पांढरं लुगडं, कपाळावरचे केस वले."

"आईला विचारलं नाही?"

त्यांनी खोक्यावरचा मफलर सारखा केला. मग म्हणाले, "कुठल्या तोंडानं इचारू?"

चैतालीनं शेजारच्या मुलाला टेबलाकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि बाबांना घेऊन हॉलच्या मागच्या दाराबाहेर आली. तिथं पाण्याचे रिकामे जार एकावर एक रचले होते. तिनं आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि बाबांच्या हातात दिला. त्यांनी आधी जेवलीस का विचारलं. मग औषध घेतलंस का. मग जारांच्या ढिगाकडं बघत विचारलं, "आय गेली त्या दिशी पानी कुणी दिलतं गं?"

मीनाबाई म्हणाल्या, "आज इचारताय व्हय?"

"व्हय."

"निंगव्वानं."

निंगव्वा समोरच्या घरातली. दुधनीकडची, बोलायला लागली की अर्धं कानडी. पाणी आलं की पहिली घागर भरायच्या आधी तिचा पहिला आवाज चावीवाल्याला शिव्या घालण्यासाठी असायचा. उशिरा सोडलं, लवकर तोडलं, खालच्या वस्तीचा जावई झालास का. सिद्रामांनी जन्मभर ऐकलं होतं.

मीनाबाई सांगत गेल्या. त्या पहाटे त्या पालथी घागर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. निंगव्वा आली, बघितलं, काही न बोलता माघारी गेली आणि प्यायच्या पाण्याची आपली कळशी घेऊन आली. तळाला होतं तेवढंच. मग गल्लीत ओरडली. एकेक दार उघडलं. कुणी तांब्या आणला, कुणी पातेल्यात गाळून आणलं, बाळंतिणीच्या घरातनं सुद्धा फुलपात्रभर आलं. कुणाच्याच घरात दुसऱ्या दिवशीपर्यंत प्यायला राहिलं नव्हतं. तरी आंघोळीला पुरलं नाही. फडकं भिजवून अंग पुसून घेतलं आणि डोक्यावरून एक तांब्या घातला.

सिद्राम म्हणाले, "मला सांगायचं न्हाई व्हय?"

"निंगव्वानंच शपथ घातली. म्हणली, त्याला सांगू नको. जादा पान्यासाठी पानी घातलं म्हणंल. चा सुदिक घेत न्हाई त्यो." मीनाबाईंचा आवाज थोडा खाली आला. "आन मला बी वाटलं, सांगावं कशाला? कळलं असतं तर तुमी आपल्या गल्लीला पाच मिंटं जादा सोडली असती. मग झोप लागली नसती तुमाला. आता निंगव्वा बी न्हाई, तुमची चावी बी न्हाई. आता सांगितलं तर चालतंय."

फोन ठेवल्यावर सिद्राम एवढंच म्हणाले, की दुसऱ्या दिवशी गल्लीची पाळी होती, तेव्हाही निंगव्वानं रोजच्यासारख्या शिव्या दिल्या होत्या. त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

आत आले तर पायल त्यांच्याच टेबलामागं बसून लोकांना दुसरा अंक दाखवत होती. चैतालीनं तिला सांगितलं, तिसरा आहे, पण आज देत नाही. चौथ्यासोबत देईन, दोन्ही एकत्र. ते वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. सिद्रामांनी मफलर उचलून गळ्याभोवती गुंडाळला. खोकं मात्र पायांतून हलवलं नाही.

चैतालीनं वही काढली आणि तिथंच, त्या गोंगाटात, चौकट आखली. चटई. आजी. भोवती बायकांचे नुसते हात, प्रत्येकीच्या हातात वेगळं भांडं. लिहायला कुणी नव्हतं, म्हणून बोलण्याचे फुगे तिनं काढलेच नाहीत. शेवटी निंगव्वाचा हात काढला आणि तांब्यातून आजीच्या डोक्यावर पडणारी पाण्याची धार. पेन्सिलीला वेग आला तशी धार मोठी होत गेली, खांद्यावरून वाहिली, चटईवर पसरली.

सिद्राम चष्मा लावून वाकले. दोन बोटं कागदावर ठेवली, जिथं पाणी पसरलं होतं तिथं.

"एवढं दाखवू नको," ते म्हणाले. "तेवढं न्हवतं."

चैतालीनं खोडरबर घेतलं.