नावडतीचं मीठ

अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे अमरावतीत माझी शाळा ओस पडली. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पोरं वेचणीला गेली. रिकाम्या पंतोजीनं करावं काय? कापसाचे व्यापारी किसनराव यांच्या वखारीत बायका रेच्यांवर कापसातली सरकी काढत बसायच्या, त्यांना दुपारी वाचून दाखवायला लागलो. पुस्तक मुंबईहून आलेलं, छापील. आवडती-नावडतीची जुनीच कहाणी, पण कुणा हौशानं तिची दोनशे पानांची कादंबरी केलेली.

ऐकणाऱ्या आठ जणी, खोड काढणारी एकच, पार्बताबाई. चाळिशीची, काटक, जिभेची तिखट. नवऱ्यानं दुसरी आणून हिला गोठ्यात झोपवलं, तेव्हा लेकीला, शालूला, कडेवर घेऊन हिवरखेड सोडून आलेली. मी पुण्याकडचा, तिचं बोलणं आधी अंगावर यायचं. पुढे पुढे तिच्या टोमण्यांवाचून मला वाचायला चव येईना.

शेवटच्या पानावर राजाला पश्चात्ताप होतो, तो पालखी पाठवतो आणि नावडती त्याच्या पाया पडून महालात जाते. तिच्या शेजारच्या रेच्यावरच्या सुभद्रेनं डोळे पुसले. पार्बताबाई म्हणाली, "पंतोजी, हे चुकलं."

"अहो, छापलेलं आहे, बाई!"

"छापनाऱ्यानं काय नांदून पाह्यलं? राजा रोज तिचं मीठ अळनी म्हने ना? मंग पालखी कायले धाडते? आदी म्हनाव, मीठ बरोबर होतं!"

"राजा कवा असं बोलते काय, बाई?" सुभद्रा म्हणाली. "बोलावलं तं जा लागते."

दोन दिवस हाच वाद. मी पुस्तकाची बाजू घेतली आणि सपाटून हरलो.

तिसऱ्या दिवशी तिचा नवरा, पुंजाराम, गाडीभर कापूस विकायला अमरावतीत आला आणि विचारत विचारत वखारीत पोचला. दुसरी बायको वारली होती.

"शालूचे माय, चाल घरी," तो म्हणाला.

रेचे थांबले. सुभद्रेनं पार्बताबाईला कोपरानं ढोसलं. आता ही जाते, मग मी वाचायचं कुणासाठी, हेच आधी माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू?

पार्बताबाईनं विचारलं, "माह्या हातचं मीठ कसं होतं?"

पुंजारामनं पागोटं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "बरोबर होतं. मीच खोटं बोलत होतो."

तिचे डोळे भरून आले. सुभद्रा लगबगीनं तिचं गाठोडं बांधायला उठली.

"बस खाली," पार्बताबाई म्हणाली. "मले आयकाचं होतं. जाचं नोतं."