अंबिकाबाईंचं इंग्रजी

मार्तंड मास्तरांनी पारनेरात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलांसाठी त्यांनी शब्दांची एक वही करायला घेतली होती. शब्द, अर्थ, शब्दाचं मूळ. ती 'एल'वरच अडली. मास्तर ओसरीवर नुसते बसून राहू लागले.

पत्नीला, अंबिकाबाईंना, ते बघवेना. त्यांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. तरी एके दिवशी जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "मला अक्षरं शिकवा. मी वाचते."

दुष्काळाचं वर्ष होतं. रेशनवरच्या मिलो नावाच्या लाल परदेशी ज्वारीच्या भाकरी थापता थापता त्यांनी सव्वीस अक्षरं घोकली. त्र्याहत्तरच्या चैत्रात वही पुन्हा सुरू झाली.

एका दुपारी त्यांनी बोट ठेवून वाचलं, "एम, आय, आर, ए, जी, ई. मिरगे."

मास्तर ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, मिराज! म्हणजे मृगजळ."

"मग मिरगे काय वाईट? मिरगाचंच पाणी ना ते?"

"नाही गं. शब्द फ्रेंचांचा, मूळ लॅटिन. पाहणं, नवलानं पाहणं. मिरर म्हणजे आरसा, तो याचाच भाऊबंद. त्यात हरीण नाही की तहान नाही. आपला शब्द बघ, तहानलेलं हरीण पाणी समजून धावत सुटतं."

अंबिकाबाईंची लेखणी थांबली. त्यांचं माहेर नगर जिल्ह्यातल्याच कर्जतकडचं. लहानपणी माळावर काळविटांचे कळप त्यांनी रोज पाहिले होते.

"धावत नाहीत हो ती," त्या हळूच म्हणाल्या. "भर दुपारी लांबवर पाणी हलताना दिसायचं. हरणं मान उंच करून उभी राहायची. बघत राहायची नुसती. धावतो तो माणूस."

तीस वर्षं मास्तरांनी वर्गावर्गांत ते हरीण पळवलं होतं.

"लिही," ते म्हणाले. "तू म्हणालीस तस्सं लिही. खाली तुझं नाव घाल."

नाव घालायला त्या लाजल्या. मास्तरांनी चाचपडत वही ओढून घेतली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत 'अंबिका' लिहिलं. ते दोन ओळींवर पसरलं.

दिवाळीनंतर नगरला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. अंबिकाबाईंनी डिक्शनरी मास्तरांपुढे आणून ठेवली. मनातून थोडं वाईट वाटत होतं. आपलं काम संपलं.

मास्तरांनी चार पानं उलटली आणि पुस्तक परत त्यांच्याकडे सरकवलं. "अक्षर फार बारीक आहे. तूच वाच."

सकाळीच त्यांनी वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचून काढलं होतं, ते बाईंनी पाहिलं होतं. त्या पदर सावरून बसल्या आणि 'पी'चं पान उघडलं. 'पी'ची पानं बरीच होती.